दुष्काळात चरणाऱ्या जनावरांचा पूरक चारा आणि खुराक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती अशा पशुपालकांसाठी आहे, ज्यांच्या गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या एरवी रानात चरून पोट भरतात आणि पाऊस दडी मारून बसल्यावर त्यांना घरचे काही घालावे लागते. बारमाही गोठ्यात बांधलेल्या दुभत्या जनावरांचे गणित वेगळे असते.

पूरक खुराक कधी सुरू करावा?

जनावर खंगायच्या आधी. हाडे दिसू लागल्यावर खुराक सुरू करणारे बरेच असतात आणि तिथेच दुष्काळ सर्वांत महाग पडतो. अंगावरचे मांस टिकवायला जेवढे लागते, त्याच्या कितीतरी पट जास्त गेलेले मांस परत आणायला लागते. धडधाकट, भाकड, मोठे जनावर वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत हळूहळू उतरले तर तग धरते. गाभण, दुभत्या आणि वाढत्या जनावरांना ही सूट नाही.

रानाकडे पाहून ठरवा. गवताचा हिरवेपणा जाऊन काड्या उरल्या, जनावरे चरण्याऐवजी चालतच राहू लागली, शेण घट्ट होऊन त्याच्या चवडी पडू लागल्या, की वेळ झाली. शेण ही फार बोलकी खूण आहे. वाळक्या काड्यांवर जगणाऱ्या गाईचे शेण कोरडे, थरांचे असते आणि फोडून पाहिले तर आत न पचलेल्या लांब काड्या सापडतात.

रानात वाळलेले गवत भरपूर आहे, तरी जनावर का उतरते?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. रवंथ करणारे जनावर गवत स्वतः पचवत नाही. त्याच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव ते पचवतात. त्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतो आणि तो चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतो. चाऱ्यात प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूंची संख्या घटते, काड्या पोटात जास्त वेळ पडून राहतात, पोट भरलेलेच राहते आणि जनावर खाणे कमी करते. वाळलेल्या गवतात, भुसकटात प्रथिने ३ ते ५ टक्केच असतात. म्हणजे भरल्या पोटी उपासमार होते.

म्हणून दुष्काळाचे दोन प्रकार वेगळे ओळखा: चारा आहे पण कस नाही, आणि चाराच नाही. पहिल्यात प्रथिने घालायची, दुसऱ्यात ऊर्जा आणि काडी दोन्ही. पहिल्या प्रकारात लोक धान्य भरडून घालतात. स्टार्च पचवणारे जिवाणू त्यावर वाढतात, काडी पचवणारे मागे पडतात आणि जनावर रानातले गवत आणखी कमी खाते. पैसे जातात, गवतही तसेच राहते.

मग प्रथिने कशातून आणि किती?

सरकीची, भुईमुगाची, सोयाबीनची, करडईची, जी पेंड मिळेल ती. ३०० किलोच्या भाकड गाईला दिवसाला अर्धा ते एक किलो आणि ३०-४० किलोच्या शेळी-मेंढीला १०० ते १५० ग्रॅम पेंड पुरते, पण सोबत वाळका चारा पोटभर हवा. एवढ्यावर ३०० किलोची गाय साडेचार किलोऐवजी सहा किलोच्या आसपास काडी खाऊ लागते. पेंडीची किंमत त्या जास्त पचलेल्या काडीतून वसूल होते. द्विदल पिकांचा पाला, शेंगांची टरफले, लसूणघास वाळवून ठेवला असेल तर तोही याच कामाचा. सरकी पेंड लहान वासरांना मात्र फार घालू नका. त्यातला गॉसिपॉल हा घटक कोठीपोट नीट तयार न झालेल्या जनावराला बाधतो.

युरिया घातला तर चालतो म्हणतात. खरे का?

खरे, आणि धोक्याचेही. युरियात ४६ टक्के नत्र असते. कोठीपोटातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचे प्रथिन बांधतात. पण जिवाणूंना त्याच वेळी साखर किंवा स्टार्चची ऊर्जा मिळाली नाही, तर अमोनिया सरळ रक्तात जातो. म्हणून युरिया मळीबरोबर, थोड्या भरड्याबरोबर किंवा चाटण विटेतून (जनावराने चाटायच्या युरिया-मळीच्या विटेतून) द्यायचा. नुसता कधीच नाही.

मर्यादा पाठ करून ठेवा: दिवसभराच्या एकूण कोरड्या खाद्याच्या १ टक्का, खुराकाच्या मिश्रणात ३ टक्के. दोन आठवडे लावून त्या प्रमाणापर्यंत जा. मध्ये चार-पाच दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून थोडे थोडे सुरू करा. उपाशी जनावराला, सहा महिन्यांखालच्या वासराला, घोड्या-गाढवाला युरिया नको. पाण्यात विरघळवून तर मुळीच ठेवू नका. चाटण विटेवर पाऊस पडून खोलगट भागात पाणी साचले, तर ते युरियाचेच पाणी असते. जीव जायला एक घोट पुरतो. विटा छपराखाली ठेवा.

विषबाधा झाली हे कसे ओळखायचे?

खाल्ल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात जनावर अस्वस्थ होते, अंग थरथरते, तोंडाला फेस येतो, पोट फुगते, श्वास जोरात चालतो, मग ते कोसळते. पशुवैद्याला फोन करा. तो येईपर्यंत मोठ्या जनावराला दोन ते चार लिटर, शेळी-मेंढीला अर्धा ते एक लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्याबरोबर पाजता येते. आम्लामुळे अमोनिया रक्तात शिरण्याचा वेग मंदावतो. पाजताना मान फार उंच करू नका, नाहीतर पाणी फुप्फुसात जाते. ज्या जनावराला गिळता येत नाही त्याला पाजायचेच नाही. बाकी कळपापुढचा खुराक तेवढ्यात उचला.

भुसकट किंवा कडब्यावर युरियाची प्रक्रिया घरी जमते का?

जमते, आणि माझ्या मते निकृष्ट चारा हाताशी असलेल्या माणसाने हे शिकावेच. १०० किलो कोरडी काडी, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा. जमिनीवर ताडपत्री पसरून काडीचा वीतभर थर द्या, त्यावर झारीने ते पाणी सारखे शिंपडा, पायाने दाबा, पुन्हा थर, पुन्हा पाणी. दाबण्यात कसूर नको. आत हवा राहिली की बुरशी धरते. ढीग झाला की ताडपत्रीने चारी बाजूंनी बंद करा, कडांवर माती टाका आणि २१ दिवस हात लावू नका. हवा थंड असेल तर चार आठवडे ठेवा.

उघडल्यावर काडी पिवळसर तपकिरी, मऊ झालेली असते आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. तो वास यायलाच हवा. आला नाही तर झाकण कुठेतरी उघडे राहिले असे समजा. रोजची काडी आदल्या संध्याकाळी काढून पसरून ठेवा, म्हणजे जादा अमोनिया उडून जातो. पहिले दोन-तीन दिवस जनावरे नाक मुरडतात. साध्या काडीत मिसळून द्या, सवय होते. प्रथिने ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जातात आणि काडी पचतेही चांगली.

ही प्रक्रिया फक्त काडी-भुसकटावर करा. हिरवट, साखर असलेल्या चांगल्या वाळल्या गवतावर केली तर त्यात विषारी संयुग तयार होते आणि जनावरे, विशेषतः दूध पिणारी वासरे, पिसाटल्यासारखी धावत सुटतात.

रानात काडीही उरली नाही. आता धान्य घालावे का?

हो. इथे ऊर्जा हवी, आणि किलोमागे ऊर्जा धान्यात सर्वांत जास्त. मका, ज्वारी, बार्ली, गहू, जे मिळेल ते. पण दुष्काळात धान्याने मेलेली जनावरे कमी नसतात. सवय नसलेल्या पोटात स्टार्च एकदम गेला की जिवाणू भराभर लॅक्टिक आम्ल तयार करतात, पोट आंबते, रवंथ थांबते, करडी आंबूस हगवण लागते, जनावर दात खाते, लंगडते, बसकण मारते. यालाच आम्लधर्मी अपचन म्हणतात. गहू आणि बारीक दळलेले कोणतेही धान्य सर्वांत घातक. पीठ करू नका. गाई-म्हशींना धान्य जाडसर भरडून द्या. मेंढ्या-शेळ्या अख्खे धान्य चांगले चावतात.

मेंढीला पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, मग एक दिवसाआड ५० ग्रॅमने वाढ. गाईला अर्ध्या किलोपासून सुरुवात आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव ते अर्धा किलो वाढ. पोट रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. घाई करता येत नाही. धान्याचा प्रकार बदललात, गव्हावरून मक्यावर गेलात किंवा उलटे केलेत, तरी दोन्ही मिसळत हळूहळू बदला. आणि काहीही झाले तरी एकूण खाद्याचा पाचवा-चौथा हिस्सा काडी हवीच. काडीशिवाय रवंथ नाही, रवंथाशिवाय लाळ नाही, आणि पोटातले आम्ल शमवते ती लाळच.

पोत्याला तोंड घालून एखाद्या जनावराने भरपूर धान्य खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. धान्य बंद करा, पुढे वाळका चारा टाका आणि पशुवैद्याला लगेच बोलवा. पहिल्या काही तासांत खाण्याच्या सोड्याचा उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

चारा किती साठवावा लागेल?

आधी वजन काढा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा. गाईचे अंदाजे वजन किलोत मिळते. १५० सेंटिमीटर घेर आणि १२० सेंटिमीटर लांबीची गाय सुमारे २५० किलोची भरते.

जनावर टिकवायला रोज वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडे खाद्य धरा. ३०० किलोच्या दहा गाई, ९० दिवस: रोज ६ किलोप्रमाणे ५,४०० किलो कोरडे खाद्य. कडब्यात १० टक्के पाणी असते म्हणून ६,००० किलो, आणि नासाडी धरून सात टन. नासाडी विसरणारे शेवटच्या पंधरवड्यात अडचणीत येतात. दुष्काळ ९० दिवसांतच संपेल असे कुणी लिहून दिलेले नसते, म्हणून हा आकडा पुढ्यात ठेवून किती जनावरे ठेवायची ते ठरवा. जनावरे ठरवून मग चाऱ्यामागे धावू नका.

विकत घेताना गाडी न बघता त्यातला कोरडा भाग बघा. १०० किलो हिरव्या चाऱ्यात साधारण २० किलोच कोरडे असते, १०० किलो कडब्यात ९०. लांबून हिरवा चारा आणणे म्हणजे बहुतांशी पाण्याची वाहतूक.

जनावर उतरतेय की टिकतेय, हे डोळ्यांनी कळते का?

लोकरीच्या मेंढीत अजिबात नाही, आणि रोज पाहणाऱ्याला गाईतही उशिरा कळते. हात लावा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्याच्या कडेला आडवी हाडे असतात. त्यांच्या टोकांवर बोटे दाबा. टोके धारदार लागली आणि बोटे हाडांखाली सहज शिरली तर १ ते ५ च्या मापावर जनावर १ वर आहे. टोके गोलसर लागली, पण थोडा दाब दिल्यावर एक एक हाड मोजता आले तर २. मांसाच्या थराखाली हाड फक्त जाणवते, ते ३. विण्याच्या वेळी २.५ ते ३ असावे. कळपातल्या ठरावीक पंधरा-वीस जनावरांना खूण करून दर पंधरा दिवसांनी तपासा आणि आकडे वहीत लिहा. सगळ्यांचा आकडा अर्ध्या अंकाने (०.५) घसरला, तर खुराक वाढवायचा की जनावरे कमी करायची, हा निर्णय त्याच आठवड्यात घ्या.

सगळ्या जनावरांना सारखेच घालायचे का?

नाही. सारखे घालणे दिसायला न्याय्य असते, पण त्यात दांडगे माजते आणि अशक्त मरते. कळपाचे भाग करा: गाभण आणि दुभती एका बाजूला, वासरे-कोकरे वेगळी, भाकड मोठी वेगळी, अशक्त आणि दात झिजलेली म्हातारी वेगळी.

व्यायलेल्या जनावराची गरज भाकडाच्या दीडपट ते दुपटीहून जास्त असते. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत जुळी पोटात असलेली मेंढी-शेळी सर्वांत नाजूक: पोटात जागा कमी, गरज मोठी. खुराक कमी पडला की ती स्वतःची चरबी इतक्या वेगाने जाळते की रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी घातक द्रव्ये) साचतात, ती मंद होते, दिसेनासे होते, पडते. तिच्यासाठी धान्य राखून ठेवा.

वासरांना तीन-चार महिन्यांत दूध तोडता येते. आईचे दूध आटले की तिची गरज एकदम उतरते, आणि वासराला थोडा चांगला खुराक घालणे आईमार्फत दूध करून पाजण्यापेक्षा स्वस्त पडते. मात्र त्या वासराला १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचा खुराक आणि उत्तम वाळका चारा लागतो. नुसत्या कडब्यावर ते खुरटते.

आणि विकायचे असेल तर अंगात मांस असताना विका. हे जड जाते हे मला माहीत आहे. जन्मापासून हाताखाली वाढलेले जनावर विकायला मन होत नाही. पण दहा जनावरांचा चारा वीस जनावरांत वाटला तर वीसही जातात. वांझ, जास्त वयाची आणि जादा नर आधी कमी करा. पुढच्या वर्षी कळप ज्यांच्यातून उभा राहील त्या तरुण माद्या शेवटपर्यंत राखा.

रोज घालावे की एक दिवसाआड?

मोठ्या, सवय झालेल्या जनावरांना आठवड्याचे धान्य दोन-तीन हप्त्यांत विभागून घातले तरी चालते. उलट फायदाच होतो. रोज थोडे घातले की दांडगी जनावरे सगळे संपवतात आणि बुजरी मागे उभी राहतात. एकदम जास्त घातले की दांडग्यांचे पोट भरल्यावर बाकीच्यांना मिळते. वासरे, कोकरे, शेवटच्या महिन्यातल्या गाभण माद्या आणि युरियायुक्त खुराक यांना ही पद्धत लावू नका.

गव्हाणीपाशी सगळी एकाच वेळी उभी राहतील एवढी जागा हवी: मोठ्या जनावराला सुमारे ६० सेंटिमीटर, मेंढीला १५ ते ३०. खुराक टाकल्यावर दहा मिनिटे तिथेच थांबा. जे जनावर गर्दीच्या मागून फिरते, तोंड घालून लगेच काढते, ज्याच्या डाव्या कुशीचा खड्डा भरत नाही, ते बाजूला काढा.

पाणी, मीठ, खनिजे?

पाणी आधी. कोरडे खाणाऱ्या जनावराला जास्त पाणी लागते आणि पाणी कमी पडले की ते खाणे सोडते. उन्हात ३०० किलोच्या गाईला ३५ ते ५० लिटर, दुभतीला त्याहून पुष्कळ जास्त, शेळी-मेंढीला ४ ते ८ लिटर. आटत चाललेल्या तळ्यात क्षार वाढतात, हिरवट-निळसर तवंग आला तर पाणी विषारी असू शकते, आणि अशक्त जनावर चिखलात रुतून बसते. तळ्याला कुंपण घाला, पाणी हौदात काढा.

धान्यात कॅल्शियम फार कमी असते, म्हणून १०० किलो धान्याला एक ते दीड किलो चुनखडीची पूड आणि अर्धा ते एक किलो मीठ मिसळा. उसाचे वाढे घालत असाल तर त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. तिथे खनिज मिश्रण हवेच. जनावरे हाडे, चिंध्या, माती चघळू लागली की स्फुरदाची कमतरता समजा आणि रानातले सांगाडे गोळा करून पुरा किंवा जाळा. हाडे चघळून बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने अंग लुळे पडण्याचा रोग) होतो आणि मग फार काही हातात राहत नाही.

तीन-चार महिने हिरवे पान पोटात गेले नसेल तर यकृतातले अ जीवनसत्त्व संपत येते. संध्याकाळी जनावर ठेचकाळू लागले, डोळ्यांतून पाणी येऊ लागले, वासरे आंधळी किंवा मेलेली जन्मू लागली, तर पशुवैद्याकडून इंजेक्शन घ्या. रोज मूठभर हिरवा पाला मिळाला तरी हे टळते.

झाडपाला आणि निवडुंग चालतो का?

चालतो, आणि शेळ्यांचा दुष्काळ बराचसा यावरच निभतो. बाभळीच्या शेंगा उत्तम. सुबाभळीचा पाला प्रथिनांनी समृद्ध, पण त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात आणि गलगंड होतो, म्हणून एकूण खाद्याच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना तो का बाधत नाही याचा शोध घेताना त्यांच्या कोठीपोटात हे विष मोडणारा जिवाणू सापडला. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांना देण्यात आला आणि तिथे सुबाभूळ निर्धोक चरू लागली. फड्या निवडुंगात सुमारे ९० टक्के पाणी आणि थोडी ऊर्जा असते, प्रथिने नगण्य. काटे जाळून, तुकडे करून, काडी आणि पेंडीबरोबर द्या. नुसता घातला तर हगवण लागते.

झाडाच्या फांद्या छाटा, बुंधा तोडू नका. पुढच्या दुष्काळातही हेच झाड लागणार आहे.

कोणत्या चाऱ्यापासून सांभाळायचे?

भुकेले जनावर एरवी न खाल्लेले खाते: कण्हेर, घाणेरी, धोतरा. रान बदलताना आधी काडीने पोट भरून मगच सोडा. पावसाच्या ताणाने खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत आणि कापणीनंतरच्या फुटव्यात सायनाइड तयार होते. किरळ लागून, म्हणजे ही विषबाधा होऊन, जनावर मिनिटांत मरते. पीक कमरेच्या वर जाऊन फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात जनावर घालू नका. वाळवल्यावर सायनाइड बरेचसे उडते. ताणातल्या पिकात साठलेले नायट्रेट मात्र वाळवूनही जात नाही. ते खोडाच्या खालच्या भागात जास्त असते, म्हणून कापताना खालचा हातभर भाग सोडा. बुरशीचा चारा फेकून द्या. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधातही उतरते.

जनावरे रानात सोडावीत की बांधून घालावे?

चरायला खरेच काही असेल तोवर सोडा. काहीच नसताना मैलोन्‌मैल चालण्यात जनावर टिकवायला लागणारी ऊर्जा २०-३० टक्क्यांनी वाढते, म्हणजे घातलेला खुराक पायांत जातो. शिवाय मुळापर्यंत कुरतडलेले रान पाऊस आल्यावरही लवकर उठत नाही, उघडी माती वाहून जाते. रानाचा एक छोटा, सावलीचा, निचऱ्याचा तुकडा निवडून कळप तिथे कोंडून घाला आणि बाकीचे रान वाचवा.

जनावर उठत नाही. काय करू?

सावलीत, मऊ गवतावर, पोटावर बसते करा. आडवे पडू देऊ नका. दिवसातून चार-पाच वेळा कूस बदला. पाणी आणि मऊ चारा तोंडाशी ठेवा, थोडा थोडा. धान्याचा मारा करू नका. खाण्याची इच्छा असेल तर आशा आहे. दोन-तीन दिवसांत खाणेही सोडले तर पशुवैद्याशी बोलून त्याच्या यातना संपवणे हीच दया.

पाऊस पडला. खुराक लगेच बंद करायचा का?

नाही, हे दिवस फसवे असतात. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या लुसलुशीत गवतात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असते. जनावरे काडी सोडून त्या हिरव्यामागे दिवसभर फिरतात, पोटात काही पडत नाही आणि उरलेसुरले वजनही उतरते. हाडे निघालेल्या, नुकत्या लोकर कातरलेल्या मेंढ्या त्या पहिल्या गार वाऱ्या-पावसात एका रात्रीत दगावतात. त्यांना आडोसा आधीच तयार हवा.

काडी आणि खुराक दोन-तीन आठवडे चालू ठेवा. सकाळी काडी पोटभर घालूनच सोडा, चरण्याची वेळ एक-दोन तासांपासून वाढवत न्या. आंत्रविषार आणि फऱ्याची लस पाऊस येण्याच्या आधी टोचून घ्या, कारण चाऱ्यातला अचानक बदल आंत्रविषाराच्या जिवाणूंना मानवतो. गवत घोट्याच्या वर येऊन जनावर एका जागी उभे राहून चरू लागले, शेण मऊ आणि एकसारखे पडू लागले, की खुराक दर तीन-चार दिवसांनी थोडा थोडा कमी करा. शेवटी बंद करायचा तो गाभण आणि दुभत्या जनावरांचा.